साबणावरचा ठसा

सळई हे नाव त्याला जुन्या धंद्यात पडलं होतं. अंगानं इतका काटकुळा, की खिडकीच्या दोन गजांमधून सहज आत शिरायचा. तुरुंगातून सुटल्यावर त्याला काम कोण देणार, या प्रश्नावर चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांनी डोकं खाजवलं. दर आठवड्याला तुरुंगात त्याला भेटायला जाणारे कुलूपवाले काका म्हणाले, "माझ्या दुकानात येऊ दे."

पाळकसाहेब चपापले. "काका, मांजराला दुधाची राखण?"

"कुलूप उघडायला त्याला येतंच," काका म्हणाले. "ते लावतात कशासाठी, तेवढं शिकायचं राहिलंय."

पुढे त्याचा बाप्तिस्मा झाला, त्यालाही आता वर्ष उलटलं होतं. काकांनी त्याला समोर बसवून कधी प्रवचन दिलं नाही. किल्लीवर कानस चालवता चालवता ते येशूची एखादी गोष्ट काल शेजारच्या गल्लीत घडल्यासारखी सांगत. किल्ली चुकली तर गिऱ्हाइकापुढे हात जोडून माफी मागत, आणि सळई ते बघत राही. दुपारी काकू डबा घेऊन आल्या की तिघं एकत्र जेवत. "हा खातो ते जातं कुठे?" काकू म्हणत. "किल्लीच्या अंगावर याच्यापेक्षा जास्त मांस असेल!"

आणि एके दिवशी, काका बाहेर कामाला गेले असताना, मुकादम दुकानात आला.

जुन्या टोळीत कामं वाटून द्यायचा म्हणून त्याला मुकादम म्हणत. माणूस कधी आवाज चढवायचा नाही. त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून साबणाची वडी काढली आणि टेबलावर ठेवली. वडीवर किल्लीचा स्वच्छ ठसा होता.

"एवढी कापून ठेव," तो म्हणाला.

"मी ते सोडलंय."

"मी कुठे म्हणतोय पुन्हा धर? तू इथंच बस, देवाचं नाव घे." मुकादम हसला. "तुझी बहीण त्या शिवणकामाच्या कारखान्यात लागली ना? घरी जाताना पुलाखालून जाते. अंधार असतो तिथं."

तो गेला. सळईनं वडी खणात लपवली. काका आले, जेवणं झाली, पण त्याचं ताट तसंच राहिलं. काकूंनीही त्या दिवशी थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादम आत आला नाही. समोरच्या झाडाखाली दात कोरत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी एक जण होता. काका काहीच विचारत नव्हते. ते सळईला जास्तच जड जात होतं. शेवटी दुकान बंद करायच्या वेळी त्यानं वडी काढून काकांच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं.

काकांनी वडी उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. "या किल्लीचं कुलूप मीच बसवलंय. औषधवाल्या बाईंचं. एकट्या राहतात." त्यांनी वडी खिशात टाकली. "आधी तुझ्या बहिणीला आमच्याकडे आणू. मग बाईंकडे जाऊ. सांगायचं मात्र तू."

"मी? त्या मला उभ्यानं सोलतील!"

"सोलतील. मी शेजारी असेन."

बहिणीला काकूंपाशी सोडून दोघं बाईंकडे गेले. बाईंनी खरंच सोललं. "चोराच्या हातात गावाच्या किल्ल्या दिल्यात तुम्ही!" त्या काकांवर ओरडल्या. सळई मान खाली घालून उभा राहिला, पण पळाला नाही. बाईंनी तिथूनच पोलिसांना बोलावलं. सळईनं मुकादमाचं नाव, ठिकाण, सगळं सांगितलं. मग दोघांनी मिळून जुनं कुलूप काढलं आणि नवं बसवलं. काकांच्या हातून स्क्रू दोनदा निसटला. काकासुद्धा घाबरतात, हे सळईला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मुकादम पोलिसांच्या हाती लागला नाही.

चार दिवस काही झालं नाही. झाडाखाली कुणी नव्हतं आणि सळईला तेच बघवत नव्हतं. मग एका दुपारी तो टपाल टाकून परत आला, तर दुकानाबाहेर माणसं जमलेली. किल्ल्या कापायचं यंत्र रस्त्यावर पडलेलं. काकांचा उजवा हात टेबलावर बसवलेल्या लोखंडी पकडीत घालून कुणीतरी तिचा दांडा पिळला होता.

इस्पितळात काकू खाटेपाशी बसल्या होत्या. सळई आत आला तेव्हा त्याच्या खिशात मोठी कानस होती. ती काकांना दिसली.

"मुकादमाचं घर ठाऊक आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"घर ठाऊक आहे. कुलूपही ठाऊक आहे."

"बरं झालं. त्याच्यासाठी प्रार्थना करताना दार नीट डोळ्यांसमोर येईल."

"मला नाही जमणार, काका!" त्याचा आवाज फाटला. "तुम्ही करा. तुम्हाला जमतं."

काकांनी डोळे मिटले. कडेनं पाणी ओघळलं. "शुद्धीवर आल्यापासून करतोय. नाव ओठांवर आलं की शिवीच येते. म्हणून तर तुझी वाट बघत होतो."

सळई खाटेशेजारी खाली बसला. गुरूच्या तोंडून असं काही ऐकायला मिळेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यानं कानस काकूंच्या हाती दिली. मग अडखळत, मधेच थांबत, त्यानं मुकादमाचं नाव घेतलं आणि देवाला म्हणाला, की याचं काय करायचं ते मला ठाऊक नाही, पण माझ्या हातून याचं वाईट होऊ देऊ नकोस. काका "आमेन" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकानाचं शटर पुरतं वर सारलं. सांडलेल्या किल्ल्या वेचल्या, पकड घासून धुतली. डाग निघाला नाही. समोर झाडाखाली एक अनोळखी माणूस येऊन उभा राहिला होता आणि रस्त्याकडे पाठ करून फोनवर हळू आवाजात बोलत होता.

एवढ्यात एक बाई कडेवर पोर घेऊन धावत आली. दार आपोआप लागून किल्ली आतच राहिली होती, आणि चुलीवर दूध होतं.

सळईनं हत्यारांची पिशवी उचलली. शटर ओढायला वेळ नव्हता. ते तसंच उघडं टाकून, त्या माणसाच्या अगदी अंगावरून, तो बाईच्या मागे निघाला.