शेजारची खाट

"म्हणजे मी नेमकी कुठल्या लोकांत? खडा सगळा निघतो त्यांच्यात, की राहतो त्यांच्यात?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली होती. आल्याच्या गड्ड्याला फुटतात तशा मूत्रपिंडातल्या त्या पांढऱ्या खड्याला चहूकडून फांद्या फुटल्या होत्या.

"ते आधी कसं सांगणार? खड्याचा आकार, जागा, फांद्या, सगळं पाहून आम्ही अंदाज बांधतो. पाठीला लहानसं छिद्र पाडून दुर्बिणीनं खडा फोडून काढायचा. पण असल्या खड्यात निम्म्याहून जास्त लोकांचा काही भाग आत राहतोच. मनाची तयारी ठेवा."

मग ते शेजारच्या खाटेकडे वळले. तिथं बालवाडीची टीचर होती, कंडक्टरबाईंच्या लेकीच्या वयाची. "तुमचं काही विशेष नाही. लहान खडा, जागाही सोयीची. शंभरातल्या नव्वद जणांचा एका फटक्यात साफ होतो."

डॉक्टर गेले तशी टीचर ओशाळली. "मावशी, तुमचंही होईल हो नीट."

"होईल की! मी सगळं आयुष्य बसमध्ये उभ्यानं काढलं. चढणाऱ्याचं तोंड बघून कुठं उतरणार ते सांगायचे. आता माझंच तिकीट कुठलं फाडलंय, कळेना."

टीचर पोट धरून हसली आणि कळ आली म्हणून कण्हली. मग तिनं नवऱ्याला फोन लावला. तो कामासाठी परगावी होता. "तू नको येऊस, किरकोळ आहे," असं तिनं त्याला बजावलं. तोवर कंडक्टरबाईंची मुलगी नर्सला पुन्हा पुन्हा विचारत होती, राहिला तर काय, राहिला तर पुढं काय.

दोघींची ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. नंतर स्कॅन झालं. स्कॅनच्या खोलीबाहेर डॉक्टरांनी कंडक्टरबाईंना हसत सांगितलं, "एक कणही नाही! खरं सांगू? मलाही वाटलं नव्हतं."

लेकीनं तिथंच डोळे पुसले. वाईट बातमी कशी ऐकायची, ते कंडक्टरबाईंनी ठरवून ठेवलं होतं. चांगलीचं काय करायचं, ते ठरवलंच नव्हतं.

वॉर्डात आल्या तर टीचर पांघरुणात कुडकुडत होती. तिच्या खड्याचा एक तुकडा सुटून एका अडचणीच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. वर ताप भरला होता. ताप उतरला की पुन्हा आत न्यायचं ठरलं होतं.

"मावशी," तिनं विचारलं, "तुमचं?"

"राहिलाय गं थोडा," कंडक्टरबाई म्हणाल्या.

लेक चमकली. तिनं आईला बाहेर ओढलं. "अगं, असं काय बोललीस?"

"काय की. तोंडातून निघून गेलं."

"तिला बरं वाटावं म्हणून?"

"तिला, का मला, तेच कळत नाही बघ."

टीचरला खरंच थोडं बरं वाटलं. "आपण दोघी एकदमच साफ होऊ," ती तापातही म्हणत राहिली आणि कंडक्टरबाई मान हलवत राहिल्या.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आले. कंडक्टरबाईंच्या खाटेशी थांबून मोठ्यानं म्हणाले, "या बाईंनी आमचा अंदाज पार खोटा पाडला. पूर्ण साफ! आज घरी."

घोळका पुढं सरकला. टीचर कंडक्टरबाईंकडे बघत होती.

"अभिनंदन, मावशी," ती म्हणाली आणि कूस बदलून भिंतीकडे वळली.

तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. कंडक्टरबाईंनी दोनदा हाक मारायला तोंड उघडलं. अगं, मी तुझ्या वाटचं नाही घेतलं, असं सांगावंसं वाटलं. पण असं कुणी म्हटलं होतं? मग माफी कशाची मागायची? चुकलं ते खोटं बोलणं, की साफ होणं?

त्या कपडे बदलत असतानाच, ताप उतरला म्हणून टीचरला न्यायला आले. स्ट्रेचर दारापाशी पोचलं तेव्हा टीचरनं मान वळवली.

"मावशी, या वेळी किती टक्के म्हणाले, मी विचारलंच नाही."

"बरं केलंस," कंडक्टरबाई म्हणाल्या.

खाली लेक रिक्षा थांबवून उभी होती. "आई, चल ना."

"सोड त्या रिक्षाला."

"अगं, तुला घरी सोडलंय!"

"मला सोडलंय," कंडक्टरबाई म्हणाल्या आणि पाठीच्या पट्टीवर हात धरून, कठड्याच्या आधारानं पुन्हा जिना चढल्या.

ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक तरुण बसला होता. प्रवासानं चेहरा काळवंडलेला, मांडीवर बॅग. टीचरचा नवरा असणार. कंडक्टरबाई पुढ्यात येऊन थांबल्या तसा तो गोंधळून उठला.

"आपण... तिच्या कोण?"

कंडक्टरबाईंनी ऑपरेशनच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

"शेजारची खाट," त्या म्हणाल्या.

त्याला काही उलगडलं नसावं. पण त्यानं बॅग पायाशी ठेवली आणि बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.