साडीच्या घडीतला तंबू

मित्रांनो, मला जुना म्हणावं इतकं माझं वय नाही. पण माझ्या अंगावरच्या रेघा पाहिल्यात तर तुम्ही मला जुनाच म्हणाल. मी एक तंबू आहे. निळा, तीन माणसं जेमतेम मावतील एवढा, आणि डाव्या अंगाला एक पट्टा जरा जास्तच निळा. स्वभावातली एक खोड आधीच सांगून ठेवतो. मला प्रश्न फार पडतात. हे असं का? ते कसं? त्याच्या पलीकडे काय? तंबूला तोंड नसतं ते एक बरं आहे, नाहीतर मी सगळ्यांचं डोकं खाल्लं असतं.

माझा जन्म सुरतेचा, इच्छापोरच्या एका कारखान्यातला. तिथे कापडाचे तागे यंत्रावरून सरकत जात आणि त्यांच्या एका बाजूला पातळ लेप बसे. हा लेप म्हणजे आमचा जीव. तो नसेल तर आम्ही नुसतं कापड, आणि तो असेल तर पाण्याची काय बिशाद आत यायची! त्या यंत्रावर राघो नावाचे कामगार होते. मूळचे खानदेशातले, पण अर्धं आयुष्य सुरतेत गेलेलं. ते लेपावरून बोट फिरवत, मान हलवत, आणि ती मान हलली की आम्ही पास. मीही पास झालो होतो बरं का. पुढे शिवणाऱ्याने एक पट्टा दुसऱ्याच ताग्यातला लावला, रंग किंचित वेगळा निघाला, आणि तपासनिसाने मला 'सेकंड माल' म्हणून कोपऱ्यात ढकललं. त्या कोपऱ्यात मी चार महिने विचार करत पडलो होतो, की एका पट्ट्याच्या रंगाने पावसाला काय फरक पडतो? उत्तर कुणीच दिलं नाही.

शेवटी राघोंनीच साहेबांना विचारून मला घरी नेलं. त्यांची मुलगी सोनाली केव्हाची तंबूसाठी मागे लागली होती.

घर कोसाडच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. सोनाली कॉलेजात शिकायची आणि एका भटक्या मंडळात जायची. प्रज्ञेशभाई म्हणून रेल्वेत नोकरी करणारे एक गृहस्थ ते मंडळ चालवत. सुट्टी मिळाली की ते पोरापोरींना घेऊन डांगच्या डोंगरात एका तळ्याकाठी मुक्कामाला जात. दिवाळीच्या सुट्टीत तिथे फक्त मुलींची एक तुकडी जायची, दहा जणींची. त्या तुकडीची प्रमुख व्हायचं, हे सोनालीचं स्वप्न. आमच्या वस्तीतल्या ज्या पोरींनी सुरत सोडून काही पाहिलं नाही, त्यांना मी तळं दाखवणार, असं ती सारखी म्हणायची. मला ते ऐकून आणखीच उत्सुकता लागली. तळं म्हणजे नेमकं काय असतं?

पण आधी घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या आयुष्याची दोरी त्या माणसाच्या हातात होती. सोनालीची आई, मंगलाबाई. सुरतेच्याच पर्वत पाटिया भागातल्या एका गोदामात त्या बावीस वर्षं साड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात चालताना तुम्ही बघायला हवे होते! साडी पसरली, टोकाला टोक जुळलं, एक दुमड, दुसरी, तिसरी, मग अंगठ्याचं नख घडीवरून सर्रकन फिरलं, आणि साडी तयार. शंभर साड्या एकावर एक ठेवल्या तरी कडा रेषेत. गोदामात नवीन बाई आली की शेठ सांगायचा, जा, मंगलाबेनचे हात बघून ये. त्यांची घडी कधी परत आली नव्हती. हे त्या स्वतः सांगत नसत, पण कुणी सांगितलं तर ऐकायला त्यांना आवडत असे.

मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. मग जमिनीवर पसरलं, टोकं जुळवली आणि चक्क साडीची घडी घातली. प्रत्येक दुमडीवर नख फिरवलं. वर लोखंडी पेटी ठेवून रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी मी इतका चपटा आणि देखणा झालो होतो की सोनाली टाळ्या वाजवायला लागली. मला तर कोण आनंद झाला. कोपऱ्यात पडलेल्या मालाला कुणी असं जपतं का?

आणि मग मी तळं पाहिलं. काय सांगू मित्रांनो! सुरतेत मी पाणी पाहिलं होतं ते बादलीतलं आणि गटारातलं. इथे तर पाणी स्वस्थ बसलं होतं आणि डोंगर त्यात उलटा होऊन पडला होता. तो पाण्यात पडला तरी भिजत कसा नाही? सकाळी तळ्यातून वाफ निघते, मग खाली चूल कुणी पेटवली? माझ्या खुंट्यांखालून मुंग्या एक एक दाणा घेऊन जात होत्या, त्यांना घरी जायची वाट कशी सापडत होती? बांबूच्या बेटात वारा शिरला की करकर आवाज यायचा आणि मी दोऱ्या ताणून ऐकत राहायचो. मला वाटलं, माझा जन्म याचसाठी आहे. पहिल्या वर्षी मी पाच वेळा तिथे गेलो. पाऊस आला, दव पडलं, पण माझ्या पोटात एक थेंब गेला नाही. दर खेपेला घरी आलो की मंगलाबाई मला पुसत, वाळवत, आणि त्याच दुमडींवर तीच घडी घालत. नख, पेटी, सगळं तसंच.

दुसऱ्या वर्षी आषाढात मी गळलो.

साक्षी नावाची नऊ वर्षांची मुलगी सोनालीबरोबर माझ्यात झोपली होती. पहाटेच्या सरीत तिचं अंथरूण ओलं झालं आणि घरी जाईपर्यंत तिला ताप भरला. पाणी आत कुठून येतंय हे मलाही कळेना. आपल्याच पोटात काय बिघडलंय ते आपल्याला दिसत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शिवणी शाबूत, कुठे भोक नाही, फांदी नाही, उंदीर नाही. मग पाणी येतं कसं?

घरी यावरून चांगलीच जुंपली. मंगलाबाई म्हणाल्या, तुमच्या कारखान्याचा लेपच कच्चा. राघो म्हणाले, लेप माझ्या हातचा आहे, शिवणाऱ्याने घोळ घातला असेल. दोघंही दोन दिवस एकमेकांशी धड बोलले नाहीत. सोनालीने सगळ्या शिवणींना चिकटपट्टी लावली. मंगलाबाईंनी मला दुप्पट मायेने पुसलं आणि दुप्पट जोराने घडी दाबली.

श्रावणात पुन्हा गेलो आणि पुन्हा गळलो. या खेपेला सोनालीने मला उलटा करून दोरीवर वाळत घातलं. तळ्यावरच्या तंबूंची देखभाल सखाराम नावाचे एक म्हातारे गृहस्थ करत. ते जवळ आले, माझ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, घडी दर वेळी त्याच जागी घालता का? सोनाली हो म्हणाली. सखाराम म्हणाले, मग लेप त्याच जागी मोडणार. त्यांनी कोठीचं दार उघडून दाखवलं. तिथले तंबू पिशव्यांत कसेही, चुरगाळून, मुठीमुठीने कोंबलेले होते. दर वेळी दुमड वेगळ्या जागी पडते, म्हणून लेप टिकतो. आईशप्पथ, मी थक्क झालो. ज्या हातांनी मला इतकं जपलं, त्याच हातांनी मी फाटत होतो!

सोनालीने मला दोरीवरून उतरवलं. मग तिने सखारामांना विनवलं, की हे कुणाला सांगू नका. माझ्या मनात लगेच प्रश्न. का नको? सांगितलं तर सुटेल ना सगळं?

त्याच संध्याकाळी प्रज्ञेशभाईंनी तिला बोलावलं. साक्षीच्या घरच्यांनी तक्रार केली होती. तंबू का गळतो, असं त्यांनी विचारलं. सोनाली खाली बघत म्हणाली, "मीच हयगय केली. नीट ठेवला नाही."

प्रज्ञेशभाई रागावले नाहीत, पण बोलले ते लागण्यासारखंच होतं. "सोनालीबेन, जिला स्वतःचा तंबू सांभाळता येत नाही, तिच्या हातात मी दहा पोरी कशा देऊ?"

ती 'बरं' म्हणून वळली. तेव्हा मला उत्तर मिळालं. आईच्या घडीला नाव ठेवण्यापेक्षा तिने दिवाळीची तुकडी सोडायचं ठरवलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. तोंड नसण्याचं मला तेव्हाच काय ते दुःख झालं.

भाद्रपदात एका रविवारी मंडळाने पालकांना तळ्यावर बोलावलं. राघो आले, आणि मंगलाबाईही आल्या. भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून, पण तोंड फुगवूनच. त्यांच्या घरचा तंबू गळतो ही गोष्ट त्यांना फार लागली होती. हा गळतो तरी कुठून, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. दुपारी सर आली तशी सगळी माणसं जेवणासाठी घातलेल्या मांडवात पळाली आणि मंगलाबाई हट्टाने एकट्या माझ्यात येऊन बसल्या.

मी गळलो. त्यांच्या खांद्यावर, गुडघ्यावर, भाकरीच्या फडक्यावर. त्या वर बघत राहिल्या. पाऊस थांबला आणि लख्ख ऊन पडलं. लेप मोडला होता तिथून ऊन जास्त आत येत होतं, आणि माझ्या निळ्या कापडावर उजेडाच्या रेघा उमटल्या. सरळ, समान अंतरावर, उभ्या आणि आडव्या. मंगलाबाईंनी हात वर केला आणि दोन रेघांमध्ये वीत लावली. वर चार बोटं. पुढच्या दोन रेघांमध्ये पुन्हा वीत आणि चार बोटं. साडीची घडी त्या याच मापाने घालत, बावीस वर्षं.

सोनाली तोंड आत घालून म्हणाली, माय, चल ना, सगळे जेवायला थांबलेत.

मंगलाबाईंचा हात वरच होता. त्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "ह्या मन्याच घड्या शेतस." होय, त्यांच्याच घड्या होत्या. मग वळून त्यांनी विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

सोनालीने मान खाली घातली. एवढं पुरे होतं.

मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर चिडतील. त्या उठल्या, पदर खोचला आणि तडक मांडवात गेल्या. ताटं वाढलेली होती. सगळ्यांसमोर त्या प्रज्ञेशभाईंना म्हणाल्या, "भाऊ, तंबू पोरीने नाही बिघडवला. मी बिघडवला. साडीवाणी घडी घातली त्याची, नखाने दाबून. पोरीला ठाऊक होतं, पण तिने माझी लाज राखली."

 बावीस वर्षांत ज्या बाईची एक घडी परत आली नव्हती, ती आज स्वतःहून सांगत होती की आपली घडी चुकली. प्रज्ञेशभाईंनी आधी सोनालीकडे पाहिलं, मग राघोंना विचारलं की लेप परत लावता येतो का. राघो म्हणाले, हातानेही लावता येतो, वेळ लागेल. तेव्हा प्रज्ञेशभाई म्हणाले की दिवाळीआधी तंबू कोरडा राहिलेला दाखवा, मग दहा पोरी सोनालीच्या हाती. पोरीला मंडळाबरोबर मागून यायला सांगून मंगलाबाई आणि राघो संध्याकाळच्या बसने परतले. 

पुढचे तीन रविवार मी कोसाडच्या गच्चीवर उलटा पसरलेला होतो. राघो ब्रश घेऊन एक एक रेघ भरत, आणि मंगलाबाई शेजारी बसून कुठली रेघ राहिली ते बोटाने दाखवत. त्यांच्याइतक्या रेघा कुणाला ठाऊक असणार? चौथ्या रविवारी प्रज्ञेशभाई आले. वसाहतीतल्या पोरांनी माझ्यावर बादल्यांवर बादल्या ओतल्या. ते पाणी म्हणजे मला सुखाची आंघोळच. आत वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर एक डाग पडला नाही. प्रज्ञेशभाईंनी ते कोरडं वर्तमानपत्र सोनालीच्या हातात दिलं आणि सांगितलं, जा, दहा जणींची नावं लिहून आण. साक्षीचं नाव तिने सगळ्यात आधी लिहिलं.

मित्रांनो, आता माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. तुमच्या घरीही वस्तू असतील, जनावरं असतील, माणसं असतील. त्यांना जरूर जपा. पण जपताना, हे मला आवडतं म्हणून करतोय की याला हवं म्हणून, एवढं एकदा थांबून बघा. माझी कुणी हयगय केली नव्हती. मला ओरखडे पडले ते मायेनेच.

दिवाळीच्या सुट्टीत निघायच्या दिवशी सकाळी खाली गाडी उभी होती. सोनाली पाण्याच्या बाटल्या भरत होती. मंगलाबाईंनी मला फरशीवर पसरलं आणि त्यांचे हात आपोआप टोकाला टोक जुळवायला लागले. एक दुमड झाली. नख घडीवर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी दुमड उलगडली. पुन्हा जुळवली, पुन्हा उलगडली. बावीस वर्षांचे हात ऐकेनात.

मग त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं, माझा एक कोपरा मुठीत धरला, आणि डोळे घट्ट मिटले. डोळे मिटूनच त्यांनी मला मुठीमुठीने आत कोंबलं, चुरगाळत, वेडावाकडा, ओठ दाताखाली धरून. जणू मला लागत होतं.

मला लागत नव्हतं. बाई, डोळे उघडा, मला खूप बरं वाटतंय, असं मी सांगत होतो. पण मला तोंड कुठे होतं?