पाणी दे

सकाळी आठला इबूंनी गोळ्या घेतल्या आणि साडेआठपासून मी घड्याळाकडे बघायला लागले. धीर हा प्रकार माझ्या वाट्याला आलेलाच नाही. माहेरापासून टेम्पे करते मी; उकडलेलं सोयाबीन केळीच्या पानात बांधलं की दोन दिवस हात लावायचा नसतो. मी चारदा पान उचलून बघते. आई म्हणायची, "तुन, तुझ्या हाताखाली बुरशीसुद्धा घाबरून वाढते."

इबू म्हणजे माझ्या सासूबाई, सुलार्सिह. जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात त्यांच्याशिवाय मोठं लग्न लागत नाही. नवरा मुलगा अंड्यावर पाय देतो, नवरी त्याचा पाय धुते, आणि त्या सगळ्या वेळात बोलायच्या त्या, वरच्या बोलीत. जावी माणसाला दोन जिभा असतात: आदराची वरची, लांबलचक आणि मऊ; घरगुती खालची, दोन शब्दांत मोकळी. पोरांशी, लेकीसुनांशी सगळे खालची बोलतात. इबू माझ्याशी सात वर्षं वरचीच बोलत आल्या. "आपण जरा पाणी आणून देण्याची कृपा कराल का?" स्वतःच्या सुनेला! टेम्पेवालीची पोर होते ना मी. शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. आदराशी कसं भांडायचं?

तर, इबूंचा दमा. तीन दिवस सर्दी होतीच, त्यात शेजारची बुलिक, म्हणजे मावशी, तुकिनेम उन्हाळाभर आमच्या खिडकीखाली पालापाचोळा जाळते. इबूंनी तिला इतक्या वर्षांत एका शब्दाने टोकलं नाही. ते मर्यादेत बसत नाही म्हणे. धूर मात्र फुप्फुसात बसला.

सकाळी सरकारी दवाखान्यात वाफ दिली, थोडं बरं वाटलं. डॉक्टरीण माझ्याहून लहान, मला म्बाक, म्हणजे ताई म्हणणारी, पण बोलायला ठणठणीत. "हे बघा म्बाक, या स्टेरॉइडच्या गोळ्या. आतली सूज उतरवतात, पण सावकाश. दुपार होईल, कदाचित संध्याकाळ. तोवर हा निळा पंप, नळी लावून. आणि एक ध्यानात ठेवा. एक वाक्य सलग बोलता येईनासं झालं, की गोळीची वाट बघायची नाही. पंप देत देत सरळ मोठं हॉस्पिटल."

दहा वाजले. "इबू, कसं वाटतंय?"

"आपण उगीच काळजी करू नये. मला मुळीच त्रास नाही."

घर पेटलं असतं तरी त्या हेच म्हणाल्या असत्या. मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. हाडांमधला खड्डा आत जात होता, बाहेर येत होता. पण वाक्य तर पुरं झालं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, परत आले, कपडे वाळत घातले, परत आले. अकराला तुकिनेम बुलिक मलम आणि जुनं नाणं घेऊन हजर.

"अगं तुन, गोळ्या कसल्या देतेस? वारा शिरलाय अंगात. पाठ खरवडून काढते, लाल झाली की वारा बाहेर!"

"बुलिक, तुझा पाचोळा शिरलाय अंगात, वारा नाही."

"घ्या! आता झाडांची पानं पण मीच पाडते वाटतं?" ती फणकारली, पण गेली नाही. ओट्यावर बसून शेंगा सोलायला लागली. इबू तिच्याकडे बघून नुसत्या हसल्या. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. पाहुण्याचं स्वागत न करता इबू कधी हसून सोडत नाहीत.

बाराला पंप दिला. एकेक करून चार फवारे. गोळ्यांना चार तास झाले होते, आणि पोटात गेलेली गोळी काय करते ते कुठे दिसतं? पान उचलून बघायची सोय नाही.

साधारण एक वाजता खोलीतून आवाज आला.

"पाणी दे."

मी जागच्या जागी थबकले. पाणी दे! कृपा नाही, आपण नाही. आईने लेकीला म्हणावं तसं. मी पेला घेऊन धावले. त्या पुढे वाकून बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर. दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "उशी आण."

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. आजारपणात माणूस जवळ येतं म्हणतात ते खरंच, असं वाटलं. उशी देऊन मी ओट्याकडे पळाले.

"बुलिक! इबू मला तू म्हणाल्या. दोनदा!"

"सुलार्सिह? तू म्हणाली?" तुकिनेमच्या हातातली शेंग तशीच राहिली. "चाळीस वर्षं शेजारी आहे मी. मांजरालासुद्धा ती बाई आपण म्हणते. मग आजच जीभ आखडली का तिची?"

आखडली नव्हती. दम पुरत नव्हता. लांब, मऊ शब्दांना श्वास लागतो आणि तो उरला नव्हता, म्हणून दोन शब्दांवर आल्या होत्या. आणि मी मूर्ख, मिरवत होते!

आत धावले. "इबू, लग्नातलं पहिलं वाक्य म्हणा." ते त्या एका दमात म्हणतात, सगळ्या सोलोला माहीत आहे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं होतं. "ज्या घरच्या... अंगणी..." आणि हात वर केला. पुढे नाही.

"बुलिक, तुझ्या जावयाला गाडी काढायला सांग!"

त्या बाईची एक गोष्ट मानते मी. तिने एक प्रश्न विचारला नाही. ओटीतल्या शेंगा अंगणभर सांडत धावली. गाडीत मी नळी इबूंच्या तोंडाला धरून बसले. एक फवारा, पाच-सहा श्वास, मग दुसरा. त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली होती. ओठ निळसर दिसत होते. मी मनात सारखं म्हणत होते, आपण म्हणा, इबू, एकदा आपण म्हणा.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, वाफ दिली, शिरेतून औषध दिलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "गोळ्या बरोबरच होत्या. त्यांना वेळ लागतो, आणि तेवढा वेळ यांच्याकडे नव्हता. थांबला नाहीत ते बरं केलंत."

दुपारभर मी त्या वॉर्डात येरझाऱ्या घातल्या. नर्स म्हणाली, "म्बाक, बसा हो, फरशी झिजेल." मी बसले आणि लगेच उठले.

पाचच्या सुमाराला गळ्यातला खड्डा भरून आला. इबूंनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाल्या, "आपण सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही, कृपा करून आधी दोन घास खाऊन घ्यावेत."

सलग. मध्ये कुठेही न थांबता. सात वर्षं ज्या शब्दाने माझं डोकं फिरायचं, तो ऐकून मी ओक्साबोक्शी रडले.

"आपण का रडता?"

"इबू, दुपारी तुम्ही मला तू म्हणालात. दोनदा."

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याकडून मर्यादा सुटली. क्षमा करावी."

"मर्यादा घाला चुलीत!" माझ्या तोंडून गेलंच. "पुन्हा सोडा की कधीतरी. दम असताना."

त्यांनी छताकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, दुखावल्या. मग मान वळवून, अगदी निवांत म्हणाल्या,

"पोरी, पाणी दे गं."

मी हलले नाही. आधी त्यांच्या गळ्याकडे बघितलं, मग खांद्यांकडे. दहा श्वास मोजले. त्या वाट बघत होत्या, ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून.

मग उठले आणि पाणी दिलं.