सारवलेला पाईप

आंबागडचा नळवाला म्हणून मी चौदा वर्षं काढली. पाणी आलं तर देवाची कृपा आणि नाही आलं तर भुपेंद्रची चूक, असा आमच्या गावचा न्याय आहे. त्यामुळे स्वभाव जरा तिखट झालाय, तो समजून घ्यावा.

पहाडीखालच्या विहिरीपासून गावच्या टाकीपर्यंत लोखंडी पाईप शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, येतो. रुखमिणी मावशीच्या धुऱ्यावर तो थोडासा गळतो. थोडासा म्हणजे, तिची पाव एकर वांगी आणि चवळी ऐन उन्हाळ्यातही हिरवीगार असतात. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. नवरा गेला, मूलबाळ नाही, धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, दिराकडे राहिली. उरलं ते हेच. तुमसरच्या बाजारात त्या वांग्यांवर तिचं वर्ष निघतं. म्हणून गळती मला कधी दिसली नाही. आठवड्याला एक पिशवी वांगी माझ्या घरी येत होती हेही खरं, पण त्यासाठी दिसली नाही असं समजू नये. समजलं तरी माझं काही बिघडत नाही.

यंदा एप्रिलमध्ये पाणीपुरवठ्याच्या ऑफिसनं कळवलं की, पाईप तपासायला नागपूरहून मशीन येणार. मी मावशीला सांगायला गेलो, हीच चूक झाली.

"पाईपाले एका जाग्यावर पट्टा बांधतेत," मी म्हणालो, "आन त्यातून लाट सोडतेत. ते लाट पाईपाच्या लोखंडातून पळते. जेथं लोखंड गंजून खाल्लं असन, तेथून उलटी येते. मंग मशीन सांगते, किती मीटरवर किती खाल्लं."

मावशीनं विचार केला. "म्हंजे उलटी आली नाही, त कायच सांगत नाही."

"नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर बारा मीटर पाईप माती आणि शेणानं बोटभर जाड सारवलेला. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. स्वतःचं अंगण तिनं इतक्या मनापासून कधी सारवलं नव्हतं.

दहा वाजता नागपूरहून मशीन घेऊन मेघा मॅडम आल्या. विशी-पंचविशीची पोरगी, डोक्याला टोपी, पाठीवर बॅग. खालच्या अंगाला मोकळ्या पाईपावर तिनं पट्टा आवळला आणि पालथ्या घमेल्यावर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर सारख्या अंतरानं टेकाडं उमटली. ते पाईपाचे जोड, असं तिनं मला दाखवलं. पुढे मात्र रेघ एकदम सपाट झाली.

ती उठली आणि चालत सारवणापाशी गेली. कुंकू पाहिलं, फुलं पाहिली. मग वांगी पाहिली, आणि ती जरा जास्तच वेळ पाहिली.

"पूजा कसली, मावशी?"

"पान्याची, बाई. आमच्यात करतेत."

"नैवेद्याला काय असते?"

"वांगी," मावशी म्हणाली आणि चार तोडून तिच्या हातात दिली.

मेघानं वांगी बॅगेत ठेवली. "ओली माती चिकटली की लाट तिथंच जिरते, मावशी. आणि जिथं मला दिसत नाही, तिथं पाईप चांगला आहे असं मी लिहू शकत नाही. मग उपटून बघावं लागते. जेसीबी येईल, याच बाजूनं."

याच बाजूनं म्हणजे वांग्यांवरून. मावशीनं एकदा वाफ्यांकडे पाहिलं आणि पदर खोचला. "पूजा झाली आता. धुवून टाकू."

आम्ही तिघांनी मिळून पाईप धुतला. पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न नव्हता.

दुसऱ्यांदा लाट सोडली तेव्हा चौदा मीटरवर भलंमोठं टेकाड उठलं. मेघानं तिथं जाऊन छोट्या यंत्रानं जाडी मोजली आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "छिद्र बारीक आहे, पण ओल लागून लागून खालचं अर्ध्याहून जास्त लोखंड गेलं. पावसाळ्याच्या आत फुटेल. गावाचं पाणी जाईल आणि तुमचे वाफे वाहून जातील. हा तुकडा बदलावाच लागेल."

म्हणजे फुटला तरी वांगी गेली आणि बदलला तरी गेली. मावशी धुऱ्यावर बसली. मला फार वाईट वाटलं.

मग उठून तिनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं. "आन हे बारकं कायचं होय?"

"ते एक्केचाळीस मीटरवर आहे. तिथं खायला नुकती सुरुवात झाली. आत्ता बदलायची गरज नाही, लक्ष ठेवायचं."

"कधी गळन?"

"असं नेमकं सांगता येत नाही."

"अंदाजानं सांग न, पोरी."

मेघानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ दाबून हसू आवरत म्हणाली, "दोन वर्षं. फार तर तीन."

मावशीनं मान डोलावली आणि तिला आणखी चार वांगी दिली.

आठ दिवसांनी आम्ही नवा तुकडा बसवला. थेंब गळेना. पडलेल्या चेहऱ्यानं मी मावशीला शोधायला निघालो, तर ती वाफ्यात नव्हती. वरच्या अंगाला, शेजारच्या गोपीचंदच्या पडीत जमिनीत कुदळ चालवत होती. रोजची भाजी पोचवायच्या बोलीवर त्याच्याकडून तो तुकडा तिनं मागून घेतला होता. कधी, तर मेघा नागपूरला पोचायच्या आत.

"मावशी, येथं त आजून काहीच गळून नाही राहिलं."

"गळन. मशीन का खोटं सांगते?"

"आन तवरक खाशीन काय?"

"धानाच्या रोवन्याले जाईन दुसऱ्याच्या बांधीत. फकत आता तीन वर्सं मराले भेटत नाही गा," ती म्हणाली आणि पुन्हा खणायला लागली.

एक्केचाळिसाव्या मीटरवर लक्ष ठेवावं, अशी चिठ्ठी ऑफिसनं माझ्याच नावानं पाठवली आहे. मी अगदी मनापासून लक्ष ठेवून आहे. गळायला लागला की सगळ्यात आधी मावशीला कळवीन.