नाव घातलेली मोटर

सयाजीराव मोऱ्यांच्या घरातून वस्तू बाहेर पडत नसे. वस्तू राहू द्या, चहाला माणूस एकदा नको म्हणाला की दुसऱ्यांदा विचारणं होत नसे. त्यांच्या चुलत भावाने एकदा शिडी नेली आणि पायरी मोडून परत आणली. तेव्हापासून तो भाऊ दिवाळीला येतो, फराळ खातो, पण या घरातली काडेपेटीसुद्धा त्याच्या हाती लागलेली नाही. महाडात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांना ठाऊक आहे, हे सयाजीरावांनाही ठाऊक होतं. त्यामुळे कोणी मागायला जात नसे, आणि कोणाला नाही म्हणायची वेळ येत नसे.

अशा माणसाकडून भरत सकपाळने मोटर आणली होती.

मोटर पंपाची नव्हे. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या गाड्या बनवतात त्यात बसते ती, मुठीत मावणारी. भरत औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर, आणि सयाजीराव तिथे त्याचे शिफ्ट इन्चार्ज होते. ते निवृत्त झाल्यावर जर्मनीतल्या मुलाने नातवासाठी ठोकळ्यांच्या पेट्या आणल्या. नातू परत गेला, पेट्या राहिल्या, आणि साहेबांना नाद लागला. भरत एकदा आंबे द्यायला म्हणून गेला, त्यांच्या टेबलावरचा बुलडोझर आपल्या पायांनी चालताना पाहिला, आणि आंब्यांची पिशवी खाली ठेवायचीच विसरला. या वयात महाडची माणसं भजनी मंडळ धरतात नाहीतर भावकीतली जमिनीची केस धरतात. या दोघांनी ठोकळे धरले. त्यातल्या त्यात कमी खर्चिक कोणतं, ते त्यांच्या घरच्यांनी ठरवावं.

भरतकडे ठोकळे पुष्कळ होते. मुंबईतला भाऊ जुन्या बाजारातून पिशव्या भरभरून आणायचा. पण मोटर होती ती लहानगी, ताकद नसलेली. आणि भरतने बनवली होती क्रेन. कशेडी घाटात उलटलेले ट्रक उचलायला येते तशी. बोगदा झाल्यापासून जुन्या घाटातली वर्दळ ओसरली, तरी भरतच्या डोळ्यांत ती क्रेन बसली होती: चारी पाय रोवून, मान लांब करून, दरीतून ट्रक वर घेणारी. त्याची क्रेनही ट्रक उचलणार होती, ठोकळ्यांचाच, पण पोटात खडे भरलेला. लहान मोटर त्या ट्रकला नुसती कण्हून दाखवायची.

जोरदार मोटर तालुक्यात एकाच कपाटात होती. सयाजीरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भरत रजा टाकून त्यांच्याजवळ बसला होता. सयाजीराव असं काही विसरत नसत. उपकार अंगावर राहिला की त्यांना झोप लागत नसे. म्हणून महाडात छंदांचं प्रदर्शन ठरलं तेव्हा त्यांनी स्वतःहून कपाट उघडलं, आणि भरतला क्रेन आणवून मोटर आपल्या टेबलावरच लावून बघायला सांगितली.

"रविवारी प्रदर्शन, सोमवारी मोटर इथे. जशी नेतोस तशी."

"हो काका."

"नीट आली तर पुढे बघू. गिअरचा डबा आहे, मोठी चाकं आहेत."

म्हणजे सगळं उघडच होतं. मोटर जशी गेली तशी आली, तर कपाट उघडं. नाही आली, तर भरतने जन्मभर लहान मोटरचं कण्हणं ऐकत बसावं.

शनिवारी पहिली शिफ्ट करून भरत घरी आला तेव्हा क्रेन दिवाणावर ओळीने मांडलेली होती. मांडलेली म्हणजे सुटी. मान वेगळी, पाय वेगळे, मोटर वेगळी. शेजारी त्याची आई, आवडीबाई, पुसायचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. दातांच्या डॉक्टरसाठी ती पोलादपूरकडच्या वाडीवरून आली होती आणि कवळी येईपर्यंत महाडात अडकली होती. रिकामं बसणं तिला माहीत नव्हतं.

"आई, हे कोणी सोडलं?"

"मीच. नीट सोडलंय, काय मोडलं नाय. बाजारपेठेत नेलंवतं पिशवीतून."

"कशाला?"

"नाव घालायला."

वाडीची भांडी कित्येक वर्षं आवडीबाईच्या ताब्यात होती. लग्नाचे टोप, पूजेची पातेली, वाढायचे डाव, सगळं तिच्या हातून जायचं आणि तिच्याच हातात परत यायचं. माणसांवर तिचा विश्वास होता, पण नाव नसलेल्या भांड्यावर नव्हता. नाव नाही ते भांडं चार घरं फिरतं आणि पाचव्या घरी मुक्काम करतं, हे तिने पाहिलं होतं. आता पोरगा एवढी खटपट करून केलेली वस्तू गर्दीत नेणार, आणि तीही नावाशिवाय? तिने भांड्यांचं दुकान गाठलं आणि दुकानदाराला त्याच्या मशीनची सुई ठोकळ्यांवर चालवायला लावली.

"बारक्यांवर नाय मावलं. मोठ्या मोठ्यांवर सगळ्यांवर हाय बघ."

भरतने मोटर उचलली. एका अंगाला, मधोमध, रेखीव अक्षरांत कोरलं होतं: भ. म. सकपाळ. खाली, पोलादपूर.

"तो दुकानवाला म्हणला, याच्यावरपण? म्हटलं, ह्येच तर सगळ्यात भारी दिसतंय. ह्याच्यावर गावपण घाल."

मोटर दुसऱ्याची आहे हे सांगितलं असतं तर आई तशीच चपला घालून सयाजीरावांचं घर विचारत निघाली असती, हे भरतला माहीत होतं. तो मोटर घेऊन मोरीत गेला. आधी नख लावून पाहिलं. मग टूथपेस्ट. मग पॉलिश पेपर. पेपरने अक्षरं फिकी झाली खरी, पण भोवती चुन्यासारखा पांढरा डाग उठला, आणि त्या डागातून सकपाळ आधीपेक्षा स्वच्छ वाचता येऊ लागले.

त्याची बायको सारिका दारात येऊन उभी राहिली. तिने मोटर पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"आत्ताच्या आत्ता जा आणि सांगून या."

"उद्याचं होऊ दे आधी."

"आज सांगितलंत तर ते आईंवर चिडतील. उद्या कळलं तर तुमच्यावर."

"कळणार कसं? सोमवारी काहीतरी करतो."

"काय करणार?"

ते भरतलाही माहीत नव्हतं. त्याने त्यातल्या त्यात एक केलं. क्रेन पुन्हा जोडताना मोटर नेहमीच्या जागी न बसवता सांगाड्याच्या दुसऱ्या बाजूने, हुकाकडे बसवली, नाव आत दाबून. बाहेरून बघणाऱ्याला कोरी मोटर दिसावी. तसं केल्याने दोर गुंडाळायची दिशा उलटी झाली. पूर्वी खटका पुढे केला की हूक वर यायचा, आता मागे ओढला की यायला लागला. भरतने स्वतःची समजूत घातली की खटका कुठे जातो ते कोण बघतंय, लोक हूक बघतात.

रविवारी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये टेबलं लागली होती. काडेपेट्यांची जुनी लेबलं, सुपारीतले गणपती, एका बाईंची बाटलीतली रोपं. पण गर्दी क्रेनपुढे. खड्यांनी भरलेला ट्रक टेबलाच्या कडेवरून खाली लोंबकळत ठेवला होता, आणि क्रेन त्याला ओढून वर घेत होती. लोकांनी मोबाईल काढले.

"दादा, कशेडीला पाठवा हिला! तिथली यायला दुपार होते."

सगळे हसले. भरतही हसला, पण त्याची पाठ घामाने भिजली होती. कारण सयाजीराव आले होते. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून, हात मागे बांधून, अगदी कारखान्यात राउंडला यायचे तसे. त्यांनी ट्रक एकदा वर येताना पाहिला. मग दुसऱ्यांदा पाहिला. दुसऱ्यांदा त्यांचं लक्ष ट्रककडे नव्हतं.

"भरत."

"काय काका?"

"खटका मागे, आणि हूक वर?"

"हो, म्हणजे... असंच सवयीचं पडतं."

"कोणाच्या सवयीचं? माझ्या टेबलावर लावून बघितलीस तेव्हा पुढे होता."

"मोटरची जागा बदलली, काका. तोल साधायला."

"तोल? ट्रक वर येताना मागचं चाक उचलतंय तुझं. वजन तू हुकाच्या बाजूला नेलंयस." त्यांनी चष्मा काढला. "एवढं तुला कळत नाही असं नाही. मग का बसवलीस तिकडे?"

गर्दीला वाटलं दोन जाणकार बोलतायत, ती आणखी जवळ सरकली. भरतच्या मनात तीन-चार उत्तरं येऊन गेली आणि त्यातलं एकही सयाजीरावांपुढे टिकणारं नव्हतं.

"मोटरवर नाव घातलं गेलंय, काका. माझं."

"नाव?"

"कोरून."

भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या आवडीबाईला पोराचा पडलेला आवाज बरोबर ऐकू आला. ती उठून आली.

"काय झालं रे?"

"आई, मोटर मोरेकाकांची आहे."

"कुठली मोटर?"

"जिच्यावर तू गाव पण घातलंस ती."

आवडीबाई पोरावरच उसळली. "मग सांगायला काय झालंवतं तुला? वाडीत कुणाचा टोप आला तर मी आधी विचारते, कुणाचा रे. हितं कोण तोंडच उघडत नाय!" आणि सयाजीरावांकडे वळून, "मोरेभाऊ, तुमची वस्तू हाय तर तिच्यावर तुमचं नाव कुठं हाय?"

"माझी वस्तू माझ्या कपाटात असते, बाई. तिला नाव कशाला लागतंय?"

"मग ती हितं कशी आली?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. सयाजीरावांना बोलायला सुचलं नाही, आणि हे महाडात फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. भरतने मोटर सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"पोलादपूर. ठीक. आणि हा डाग कसला?"

"पॉलिश पेपरचा."

"तो कोणी मारला?"

"मी."

"नाव बाईंनी घातलं, त्यांना माहीत नव्हतं. डाग तू पाडलास, तुला माहीत होतं. वर उलटी बसवून मला कोरी बाजू दाखवलीस. माझं घर इथून किती लांब आहे रे? फोन तरी?"

सयाजीरावांनी मोटर शर्टाच्या खिशात टाकली, खिशावर हात ठेवला आणि निघून गेले.

संध्याकाळपर्यंत भरत मोटर नसलेल्या क्रेनपाशी बसून राहिला. लोक येत, ट्रक टेबलाखाली लोंबकळताना बघत, आणि विचारत, "बंद पडली काय?" तो हो म्हणायचा.

पुढचे दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि फोन सयाजीरावांचा नाही असं दिसलं की आणखी धस्स व्हायचं. आवडीबाईने कवळी बसवून घेतली, वाडीवर जायची पिशवी भरली आणि जाताना म्हणाली, "माणूस रागानं वस्तू घेऊन गेला ना? मग बरं हाय. वस्तू टाकून गेला असता तर काय खरं नव्हतं." भरतला त्यातून काही धीर आला नाही. सारिका रोज एकच शब्द बोलायची, "जा."

शेवटी एका दुपारी पहिली शिफ्ट सुटल्यावर तो घरी न जाता थेट तिकडे गेला. सयाजीरावांनी दार उघडलं. या म्हणाले नाहीत, पण दारातून बाजूला झाले. टेबलावर मोटर होती. तिच्याभोवती त्यांनी एका क्रेनचा सांगाडा रचला होता, अर्धवट, आणि मागच्या चाकांवर बॅटरीचा डबा ठेवून काहीतरी जमवायचं चाललं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक खुर्ची होती. तिच्यावर धूळ नव्हती.

"काका, चुकलं माझं. त्याच दिवशी यायला हवं होतं."

"हवं होतं." ते सांगाड्याकडेच बघत होते. "मोटर आता या घराबाहेर जाणार नाही. तुझ्याकडेच नाही, कोणाकडेच नाही."

"बरोबर आहे, काका." भरत वळला. संपलं होतं.

"कुठे निघालास?"

"घरी."

"क्रेन घरी आहे ना? ती घेऊन ये. मोटर बाहेर जाणार नाही म्हणालो, क्रेन आत यायची नाही असं कुठे म्हणालो?" आणि मग, चष्मा पुसत, "पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे तुझी. सकाळी येत जा. नंतर रात्रपाळी, तेव्हा नको, झोपेत माणूस पार्ट हरवतो."

साहेबांना त्याचं वेळापत्रक पाठ होतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी.

भरतने मनाशी हिशोब मांडला. एका रविवारसाठी मोटर घेतली होती. तिच्या बदल्यात आता प्रत्येक आठवड्याला या माणसाच्या नजरेखाली बसायचं, खटका कुठे जातो ते दाखवत. यात आपण कमावलं की गमावलं, हे काही केल्या त्याला ठरवता येईना. कपाट मात्र उघडं होतं, आणि त्यात खालच्या फळीवर मोठी चाकं दिसत होती.

"बस आधी. हा डबा घे. जोडखिळे वेगळे कर, काळे एकीकडे, करडे एकीकडे."

भरत बसला. सयाजीराव समोर बसून त्याच्या बोटांकडे बघू लागले. असं कोणी बघत असलं की हात आपले राहत नाहीत. चौथा-पाचवा प्लॅस्टिकचा खिळा निसटला, फरशीवर दोनदा टकटकला आणि दिवाणाखाली गेला.

दोघेही ऐकत राहिले, तो कुठे थांबतो ते.

"काळा होता की करडा?" सयाजीरावांनी विचारलं.

"काळा, काका."

"सापडेपर्यंत उठायचं नाही."

भरत गुडघ्यांवर आला आणि दिवाणाखाली डोकं घातलं. अंधारात जळमटांशिवाय काही दिसेना. थोड्या वेळाने शेजारी हाडं कटकटल्याचा आवाज झाला. सयाजीराव एक हात दिवाणावर ठेवून खाली उतरत होते, दुसऱ्या हातात टॉर्च होता.

"भिंतीकडे बघ," ते म्हणाले. "लहान वस्तू नेहमी भिंतीकडे जाते."