करवंटीभर चिखल

"ती पिंपां माझ्या बांदावरसून जावची नाय म्हणजे नाय," धाकू बांधावर आडवा उभा राहून म्हणाला. "घरचा झाला थोडा नि व्हायान धाडल्यान घोडा, तशी तुझी गत, कृष्णनाथा. खाडीचा खारा पाणी कमी पडला काय, म्हणान आता दर्यातली घाण हाडतस?"

कृष्णनाथ मांडीभर पाण्यात उभा होता. ओहोटी लागली होती आणि मानशीच्या दोन फळ्या उचलायच्या राहिल्या होत्या. खाडीचं पाणी खाजनात, बांधाआतल्या खाऱ्या शेतात, घ्यायचं नि सोडायचं ते लाकडी दार म्हणजे मानस, आणि तिची उघडझाप करायचं काम त्याच्या घरात आज्यापासून चालत आलेलं. माणसाचं भांडण थांबतं, ओहोटी काही थांबत नाही. त्याने आधी फळ्या वर ओढल्या, पाणी खळाळत शापोऱ्याच्या खाडीकडे निघालेलं बघितलं, आणि मगच तोंड उघडलं.

"पिंपां दोनच आसत, धाकू. टाकये सिमेंटाचे बांदलेहत. एक थेंब खाडीत गेलो, तर माका ह्याच मानशीक बांदून घाल."

"आणि राखणदार कोपलो तर? त्येका खय बांदतलस?"

"त्येका मी सांगलंय."

सांगितलं होतं, ते खरंच. बांधाच्या टोकाला राखणदाराचा काळा धोंडा आहे, त्याला दर आयतवारी पोदेराच्या भट्टीतला एक उंडा पाव आणि एक विडी लागते. गेल्या आयतवारी कृष्णनाथाने दोन उंडे ठेवले होते आणि हात जोडून म्हटलं होतं, की बाबा, हे माझ्या झिलाचं काम आहे, तेवढं पार पडू दे. धाकूला ते ठाऊक नव्हतं, पण झील गेल्याचं ठाऊक होतं. तो थुंकला आणि बाजूला झाला.

ही गोष्ट गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षाची. दिवाळी उलटली होती. पेडण्याच्या बाजारात चहाच्या दुकानावर कोंकणी की मराठी, ह्यावरून अजून कपबश्या आपटत होत्या. कृष्णनाथ त्यात नसायचा. दोन पावसाळ्यांमागे त्याचा एकुलता झील गुरुदास भर समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवरून पाण्यात पडला होता, आणि तेव्हापासून ह्या माणसाला कुठल्याच भाषेत फार बोलावंसं वाटत नव्हतं.

अंग मिळालं नाही. मिळाली ती एक पत्र्याची ट्रंक. आत गुरुदासचे कपडे होते, पण कुणीतरी भल्या माणसाने ते धुऊन, इस्त्री करून पाठवले होते. शेवंतीने एकेक सदरा नाकाला लावला आणि परत घडी घालून ठेवला. साबणाचा वास होता, पोराचा नव्हता. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी देता येतो, शास्त्रात आहे. शेवंती म्हणाली, "अंग मिळाला नाय. मगे दिवस कोणाचे घालतलास?" ती रोज पोराची पेज वेगळी काढून ठेवायची आणि संध्याकाळी गुरांना घालायची. कृष्णनाथाने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्याच्या मनात दुसरंच सलत होतं. शेवटच्या सुट्टीत गुरुदास ह्याच मानशीवर बसला होता. हाताची कातडी सोललेली, लालभडक. म्हणाला होता, "बाबा, दर्याचो तळ खोदताना डिझेलात कालवलेलो चिखल आत सोडतत, आणि काम झाला की सगळो दर्यात. खाली काय्येक जगाचा नाय. कोणाक तरी सांगूक होया." आणि बाप काय म्हणाला? म्हणाला, "पगार येता मां? मगे गप रव आणि काम कर." त्याला मुरगावच्या ठेकेदाराकडे नेऊन चिकटवलं तेही बापानेच. पोर गप राहिलं, ते कायमचंच.

म्हणून तेजस्विनी टाक्यांसाठी जागा मागायला आली तेव्हा कृष्णनाथाने तिला परत पाठवलं नाही. फोंड्याकडची पोर, पणजीला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या कचेरीत नोकरी. म्हापशाहून बसने यायची, चपला हातात घेऊन बांधावरून चालायची. तिने तिथेच बसून सगळं समजावलं. तीन टाक्या. तिन्हींत खाडीची माती, भरतीचं पाणी आणि शंभर-शंभर खुबे, चिखलात रुतून बसतात ते शिंपले. पहिल्या टाकीत तेलविहिरीवरचा डिझेलचा चिखल. दुसरीत तिच्या कचेरीत तयार केलेला नवा चिखल, पाण्यात कालवलेला, डिझेल नसलेला. तिसरीत काही नाही, ती मोकळी.

"मोकळी कित्याक?" कृष्णनाथाने विचारलं.

"ती साक्षीदार, काका. तिच्यातले खुबे जगले आणि पहिलीतले मेले, तर दोष चिखलाचा, असं ठामपणे म्हणता येईल. मग तो जुना चिखल बंद करा म्हणून सांगायला तोंड राहील."

"आणि ऐकतले?"

"कागदावर असेल तर ऐकावं लागेल."

कृष्णनाथाने राखणीचं काम पत्करलं. भरतीला पाणी बदलायचं, काढलेलं घाण पाणी रिकाम्या पिंपात भरायचं, टाक्यांना कुणाला हात लावू द्यायचा नाही.

पहिलं पिंप उघडलं तेव्हा शेवंती पेज घेऊन आली होती. झाकण निघालं आणि वास सुटला, डिझेलचा आणि त्याखाली कसला तरी मातकट, खारट. गुरुदास सुट्टीवर आला की घरात हाच वास शिरायचा. शेवंती राख घालून कपडे आपटायची, तरी जायचा नाही, आणि ती करवादायची. आता तिने पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "गुरू इलो."

तेजस्विनीने कृष्णनाथाकडे पाहिलं. तो पिंपाचं झाकण पुसत राहिला.

त्या दिवसापासून बांध बदलला. दिवस कलताना, पाणी पार उतरलेलं आणि वारा पडलेला असताना, कृष्णनाथ टाक्या बघायला वाकला की मागून पावलं वाजायची. चिखलात अनवाणी पाय वाजतात तशी नाही, कंपनीच्या जड बुटांची. तो वळून बघायचा. बांधावर कुर्ल्यांची बिळं आणि एक बगळा. पुन्हा वाकला की पुन्हा वाजायची, आणि त्याच्यापासून दोन हातांवर येऊन थांबायची. त्याला भीती वाटायची नाही, लाज वाटायची. "सांगतंय रे बाबा," तो पुटपुटायचा, "आता सांगतंय मां." हे त्याने शेवंतीला सांगितलं नाही. आपलं मानगुटीवरचं आपणच वाहावं, असा त्याचा स्वभाव.

दहा दिवसांनी तेजस्विनीने मोजणी केली. पहिल्या टाकीत एकेचाळीस खुबे तोंड वासून मेलेले. दुसरीत तीन, तिसरीत दोन. वीस दिवसांनी पहिलीत नऊच जिवंत राहिले आणि बाकीच्या दोन्ही तशाच तगल्या होत्या. कृष्णनाथ त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

आणि तिसाव्या दिवशी मोकळ्या टाकीतले अडतीस मेले.

तेजस्विनीने दोनदा मोजले. मग टाकीच्या काठावर बसली. "काका, सगळं पाण्यात गेलं. साक्षीदारच मेला. आता ते म्हणणार, तुमचे खुबे खाडीच्या पाण्यानेच मरतात, आमच्या चिखलाला कशाला बोल लावता. कुणी हात लावला होता का?"

"नाय," कृष्णनाथ म्हणाला, पण त्याच्या डोक्यात धाकू उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एरवी घरी जेवून पडायचा त्या वेळी, तो खाडीकाठच्या चिपीच्या झाडांआड दबा धरून बसला, हातात मानशीचा दांडा. आज धाकूची हाडं मोकळी करायची, मग पोलीस येवोत की पंचायत, असं ठरवूनच. ऊन माथ्यावर आलं. पावलं वाजली, पण बुटांची नव्हेत. शेवंती आली. तिने लुगड्याच्या ओच्यातून करवंटी काढली, पहिल्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचा चिखल करवंटीत भरला आणि एक थेंब न सांडता, तान्हं मूल न्यावं तशी दोन्ही हातांनी तिसऱ्या टाकीत नेऊन रिती केली. वर हाताने पाणी सारखं केलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कृष्णनाथ दांडा खाली ठेवून पुढे आला.

"काय करतस गो?"

ती दचकली नाही. "त्या टाकयेत त्येका जळजळता. हात सोलवटलेले त्येचे, तुमी बगलास मां? म्हणान निवळ पाण्यात हाडतंय. थोडो थोडो हाडतंय, एकदम कसो येतलो?"

तिचा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. तसाच लाल. कृष्णनाथाने तो धरला आणि भरतीचं पाणी ओतून ओतून धुतला. दोन वर्षं अडवलेलं रडू त्याला फुटलं, पण रडला तो एकटाच. ती त्याला म्हणत होती, "गप रवा, तो निजलोहा."

आता प्रश्न होता. बोलावं, तर उद्या वाडीभर होणार की शेवंतीचं डोकं फिरलं, तिला अमक्या देवाकडे न्या, तमक्या भूत उतरवणाऱ्या घाड्याकडे न्या. न बोलावं, तर टाकी खोटी पडणार आणि पोराचं बोलणं दुसऱ्यांदा बुडणार. एकदा त्याने पोराला गप केलं होतं. आता बायकोसाठी पुन्हा करायचं? तो दोन दिवस मानशीवर बसून राहिला आणि बुटांची पावलं त्याच्याजवळ येऊन थांबून राहिली. तिसऱ्या दिवशी तेजस्विनी बसमधून उतरली, तेव्हा तो नाक्यावरच तिची वाट बघत उभा होता.

सगळं ऐकून ती पोर रागावली नाही. बांधावर आली, शेवंतीच्या शेजारी मांडी घालून बसली आणि वही उघडली.

"मावशी, कुठल्या दिवसापासून आणलात?"

"एकादशीपासून."

"रोज?"

"रोज एक करवंटी. आयतवारी नाय, त्या दिवशी हे उंडो ठेवक येतत."

"करवंटी दाखवाल?"

शेवंतीने दाखवली. तेजस्विनीने तिच्यात पाणी भरून मापलं, तारखा लिहिल्या, दिवस मोजले.

"मोजणीपर्यंत आठ करवंट्या," ती शेवटी म्हणाली. "एवढ्या मोठ्या टाकीत फक्त आठ, आणि अडतीस मेले. काका, किती थोड्या चिखलाने जीव जातो, ते आम्ही पुढल्या वर्षी शोधणार होतो. मावशींनी आधीच दाखवलं."

तिने ते तसंच्या तसं लिहिलं, तारीखवार, आणि मोकळी टाकी नव्याने भरून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. वहीत शेवंतीला वेडी म्हटलेलं नव्हतं. लिहिलं होतं, की चिखल घालणारी व्यक्ती दिवस आणि माप चोख सांगते. कृष्णनाथाने ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. शेवंतीने मात्र दुसरंच ऐकलं होतं. "माझ्या हातान मेले?" तिने विचारलं, आणि त्यानंतर ती टाक्यांपाशी येऊन नुसती बसायची, हात पदराखाली घेऊन.

दोन पावसाळे गेले. कागद कुठे कुठे फिरले, कोण कोण त्यावर भांडले, ते वाडीला काय कळणार? एका दुपारी तेजस्विनी एक नवं पिंप घेऊन आली. ह्या वेळी धाकूनेच खांदा लावून ते बांधावरून आणलं.

"काका, हा थेट गुरुदासच्या विहिरीवरचा चिखल. आता हाच वापरतात. डिझेलचा बंद झाला."

कृष्णनाथाने पिंपाला हात लावला. सांगितलं रे बाबा, तो मनात म्हणाला, आणि मागे पावलं वाजतात का ते ऐकत राहिला. नुसतं पाणी वाजत होतं.

झाकण काढलं. शेवंती पुढे आली. पदराखालचा हात बाहेर काढला, पिंपात घातला, मूठभर चिखल वर काढून नाकाशी नेला. कितीतरी वेळ हुंगत राहिली. मग मूठ उघडली आणि चिखल बोटांमधून परत पिंपात पडू दिला. हात लाल झाला नव्हता.

"ह्यात तो नाय," ती म्हणाली.

"नाय," कृष्णनाथ म्हणाला.

ट्रंकेतल्या सदऱ्यांकडे बघितलं होतं, तशीच ती त्या पिंपाकडे बघत होती. तेजस्विनीला काय चुकलं ते कळेना. तिने काही विचारायच्या आत शेवंतीने तिच्या पाठीवरून तो स्वच्छ हात फिरवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली,

"भटजीक सांगा, पुतळो करूक. आता दिवस घालूया."

ओहोटी लागली होती. कृष्णनाथ मानशीपाशी गेला आणि एकेक करून त्याने फळ्या वर ओढल्या.