नाथा फिटरचा कान

"आला का रं आवाज?" गुणाजीने इंजिनावरून वाकून विचारलं.

नाथाने त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि मान हलवली. "आला, आला. ठाव हाय मना तो."

कसला आला होता! गुणाजी थोरलीला चार हात पुढे नेत होता, चार हात मागे आणत होता, आणि नाथा लोखंडी सळईचं एक टोक तिच्या अंगाला आणि दुसरं आपल्या कानाला लावून ओणवा झाला होता. कानात नुसती भणभण. खाडीला भरती येताना लांबून ऐकू येते तशी. त्यात ठोका कुठला आणि धाप कुठली, काय कळणार कपाळ? पण 'आला' म्हणणं भाग होतं. कल्याणच्या शेडात नाथा फिटरला आवाज आला नाही, असं आजवर घडलंच नव्हतं.

थोरली म्हणजे शेडातलं सगळ्यात जुनं इंजिन. बोरीबंदराहून निघालेले रूळ ठाण्याला पोचले, मग खाडी ओलांडून कल्याणला आले, त्या सुरुवातीच्या दिवसांत जहाजातून उतरलेलं हे धूड. पितळेच्या पाटीवर तिचा नंबर होता, पण तो साहेबाच्या कामाचा. शेडातली माणसं तिला थोरली म्हणायची. घरात थोरली सून असते ना, सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी, तशी. तरुणपणी तिने माणसं ओढली, पुढे माल ओढला, आता यार्डातले डबे इकडचे तिकडे करायची आणि मुंब्र्याहून खडी आणायची. किती कोस धावली असेल, हे मोजायचं सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. एक आवाज तर तिचा कायमचाच. चाकाच्या पेटीत ढिलाई होती, तिथून धप्प धप्प व्हायचं. सगळे त्याला थोरलीचा खोकला म्हणायचे. साहेबसुद्धा. जुन्या गाडीचं असंच असतं बघा, एक दुखणं घरचं होऊन बसतं आणि दुसरं त्याच्या आडोशाने आत शिरतं.

गुणाजी तिचा ड्रायव्हर, साताऱ्याकडचा. आठवडाभर तो हेच कानीकपाळी ओरडत होता. "नाथादा, ह्यो खोकला न्हाई. टणक हाय ह्यो आवाज. म्या रोज बसतो तिच्यावर, मला कळतंय."

"खोकलाच हाय रं. म्हातारी झाली ती," असं म्हणून नाथाने त्याला आठवडाभर वाटेला लावलं होतं. आणि आठवडाभर त्याच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

काय होतं, की नाथा मूळचा मिठागरातला. बापजाद्यांनी मीठ ओढलं, हा एकटाच रेल्वेत शिरला. पोरवयात त्याला बॉयलरच्या पोटात बसवायचे. बाहेरून तापलेला खिळा आत यायचा, नाथाने त्याच्या बुडाला लोखंड टेकवून धरायचं आणि बाहेरून घण पडायचे. मोठ्या घंटेच्या आत बसून कुणी ती बडवावी तसं ते काम. तेव्हा त्याला वाटलं, कान काय, सवय होईल. सवय झाली ती अशी. आधी डावा गेला, मग उजवा निम्मा. गंमत अशी की तेवढ्या काळात तो इंजिनाचा आवाज ओळखणारा म्हणून नावारूपाला आला. साहेब दुसऱ्या कुणाच्या शब्दावर इंजिन बाहेर काढायचा नाही. आता हे जर साहेबाला कळलं, तर फिटरकी गेली आणि नाथा परत मिठागरात. या वयात, गुडघाभर चिखलात. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्याने मूठ झाकून ठेवली होती. ओठांवरून बोलणं ओळखायचा, आणि जे ओळखता येत नव्हतं त्याला "हां, हां" म्हणायचा. लोक म्हणत, नाथा हल्ली घुम्या झालाय. खरी गोष्ट एकट्या बायजाला, त्याच्या बायकोला ठाऊक होती.

एवढ्यात साहेब आला. शेडचा फोरमन, लाल तोंडाचा, पण माणूस वाईट नव्हता.

"नाथा, कल सुबह ठाणा पॅसेंजर के लिए इंजिन नहीं है. कारखाने में अटक गया." तो थोरलीच्या अंगावर थाप मारून म्हणाला, "ये जाएगी. तुम शाम को बोलो, फिट है के नहीं."

यार्डात डबे ढकलणं वेगळं आणि भरलेली पॅसेंजर घेऊन खाडीच्या पुलावर धावणं वेगळं. पुलावर चाकं फिरवणारा मोठा दांडा निसटला तर? खाली पाणी. डब्यांत बाजाराला निघालेली माणसं, लेकुरवाळ्या बायका. त्याच्या तोंडून मात्र "हां साहेब" एवढंच निघालं.

दुपारी बायजा फाटकाशी भाकर घेऊन आली. भाकर हातात तशीच राहिली.

"तोंड का उतरला तुजा?" तिने त्याच्या उजव्या कानाशी येऊन विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. बायजा म्हणाली, "मंग सांग ना त्या सायबाला, मना आयकू येत नाय म्हनून. दुसरा कोन आयकेल."

"सांगून खाऊ काय? मीठ?"

"मंग नको सांगू. पन माणसा मारून पन खाऊ नको." एवढं बोलून तिने पदर खोचला आणि चालती झाली. बायजाचं बोलणं असं, विळ्यावर भाजी चिरल्यासारखं. नाथाला राग आला तिचा. आणि राग आला तो तिचं खरं होतं म्हणून आला.

भाकर फडक्यात तशीच बांधून तो थोरलीकडे परतला. गुणाजीला म्हणाला, "परत एकदा हालव. सावकाश." आणि पलीकडच्या बाजूला, जिथे कुणाची नजर पोचत नव्हती तिथे गेला. कान जसजसे गेले तसतशी त्याला एक युक्ती सापडली होती. सळई कानाला लावण्याऐवजी तो दातांत धरायचा. ठोका मग दातांतून थेट डोक्यात यायचा. ऐकू येण्यापेक्षा ते जाणवणं होतं. आजवर भीतीपोटी त्याने हे थोरलीवर करून पाहिलं नव्हतं. दिसलो तर लोक काय म्हणतील, दात का? कान कुठे गेले?

सळईचं टोक त्याने चाकाच्या पेटीवर टेकवलं. धप्प. हा खोकला, ओळखीचा. मग ते हळूहळू सरकवत मोठ्या दांड्याकडे आणलं, जिथे तो चाकाला जोडला होता तिथे. तिथे दुसरंच. टक. पुन्हा टक. चाकाच्या एका फेऱ्यात दोनदा, कोरडं, टणक. दाढा झिणझिणल्या.

"थांबव! थांबव!" तो ओरडला.

दांड्याच्या टोकाला हात लावला तर चटका बसला. आतलं पितळ झिजून ढिलं झालं होतं, तेल पोचतच नव्हतं. गुणाजी म्हणत होता ते अक्षरन् अक्षर खरं होतं. थोरली अशीच पॅसेंजरला लावली असती, तर... आठवडाभर आपण हिला खोकला म्हटलं, या विचाराने त्याला स्वतःची शिसारी आली.

मग त्याने तेल का पोचत नाही ते पाहायला घेतलं. दांड्याच्या टोकावर झाकणाची एक छोटी पितळी डबी असते. तिच्यात तेल भरायचं, आणि लोकरीची वात ते थेंब थेंब आत पोचवते. रोज तेल घालायचं काम राघोचं, थोरलीच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याचं. तो बिचारा झाकण उघडून वरून तेल ओतायचा. वात उपसून बघायचं काम फिटरचं, म्हणजे नाथाचं. नाथाने झाकण काढलं, बोट घातलं. वात एका अंगाला रेटलेली. खाली चिखल, लाल, चिकट. त्याने तो बोटाने खरवडून तळहातावर घेतला.

तांदूळ. काळपट झालेले, कुंकवाने माखलेले तांदूळ, आणि तेल जाण्याच्या भोकात घट्ट बसलेलं एक हळकुंड.

खंडेनवमीला शेडात हत्यारांची पूजा व्हायची, इंजिनांना झेंडूच्या माळा चढायच्या, त्या दिवशी कामगारांच्या घरच्या बायकामाणसांना आत यायची मुभा असायची. यंदा बायजा म्हणाली होती, सगळ्या इंजिनांसारखी थोरलीचीही नुसती माळेवर बोळवण? तिची ओटी भरायला हवी, सासरी नांदणारी बाई ती. आणि तिने ओटी भरली होती. नारळ आणि खण पुढे ठेवले होते, ते नाथाने पाहिले होते. तांदूळ कुठे ठेवले, ते कुणी विचारलं? इंजिनाच्या अंगावर झाकणाची पितळी डबी. बाईच्या नजरेला दुसरं काय दिसणार? कुंकवाचा करंडाच तो! झाकण उघडलं, मूठभर तांदूळ घातले, हळकुंड ठेवलं, झाकण लावून नमस्कार केला असणार. राघोने पुढे त्यावरच तेल ओतलं, ते आत न जाता वरूनच वाहून गेलं.

"क्या मिला?" मागून साहेब आला होता. नाथाला ते कळलं नाही. इंजिनावरून उतरून समोर आलेल्या गुणाजीची नजर वर गेली, म्हणून तो वळला. वळताना तळहात आपोआप मिटला.

साहेबाने दांड्याला हात लावला, हिसका देऊन काढला. तोंड आणखी लाल झालं. त्याने रिकामी डबी पाहिली. "तेल नहीं! राघो को बुलाओ. वो आदमी आज से बंद."

राघो कोळशाच्या ढिगाजवळून धावत आला. बोलावणं कशाला ते त्याला उमगलं, तो हातच जोडायला लागला. "सायेब, घालतो वो मी तेल, रोज घालतो, आईची आन!"

नाथाच्या मुठीत तांदूळ होते. मूठ उघडली तर राघो सुटणार होता. पण मग बायजा? साहेब विचारणार, कुणी घातले? सगळी शेड नाव घेणार, नाथाच्या बायकोने. पुलावर माणसं मेली असती ती तिच्यामुळे, असं लोक म्हणणार, आणि ती ते जन्मभर ऐकणार. तिला ऐकू येत होतं ना, हाच तर घोटाळा होता.

"राघोची चूक नाय, सायेब," नाथा म्हणाला. "वात बघायचा काम माजा. आवाज आयकायचा काम माजा. गुणाजी आठवडाभर सांगतो. मना आयकू येत नाय."

"क्या?"

"आयकू येत नाय. दोन्ही कान गेले."

साहेब त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या पाठीमागे गेला. नाथा थोरलीकडे तोंड करून उभा राहिला. साहेब मागून हाका मारत होता की टाळ्या वाजवत होता, ते त्याला कळलं नाही. फक्त समोर गुणाजीचा चेहरा पडत गेलेला दिसला, आणि राघोने मान खाली घातली. नाथा वळला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग साहेब पुढे आला आणि हळू, ओठ दिसतील असं बोलला, "घर जाओ, नाथा. कल मत आना."

नाथाने मान डोलवली. जाताजाता मात्र गुणाजीचा दंड धरून सांगितलं, "ठाण्याला नेऊ नको तिला. पितळ नवा घाला, वाती सगल्याच बदला, चारी डब्या साफ करा. मंग चाकाची पेटी. पाऊस लागायच्या आत ती झालीच पायजे, नायतर ती पन अशीच फसवील. आन् आता पुलावर नको, यार्डातच ठेवा. खूप धावली बिचारी."

"व्हय, नाथादा," गुणाजी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "सकाळी गाडी जाणार न्हाई. साहेब ठाण्याला कळवणार हाय."

नाथा फाटकाबाहेर पडला. वाटेत तलावाशी थांबून त्याने मूठ पाण्यात उघडली, हात चोळून चोळून धुतला. कुंकू काही पटकन निघत नव्हतं. बायजाला चांगलं फैलावर घ्यायचं, असं त्याने तिथेच ठरवलं. मग घर जवळ येईपर्यंत तो राग कुठे गेला कळलंच नाही, नुसती धाकधूक उरली.

बातमी त्याच्या आधी आळीत पोचली होती, पण अर्धीच; नाथाला कामावरून काढल्याचं तिच्यात नव्हतं. बायजा दारातच उभी होती, तोंड उजळलेलं. त्याच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली, "थोरली वाचली म्हनं! टायमाला कळला तुना. मी बोललेली ना?"

"वाचली."

"देव तारी त्याना कोन मारी. बगलास, मी तिची ओटी भरलेली म्हनून. तिनंच सांभाळला सगल्यांना."

नाथा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने तिचे ओठ इतके नीट पाहिले होते की त्यांच्यावरचं सुख त्याला आवाजाशिवाय ऐकू यायचं.

"हां," तो म्हणाला. "म्हनूनच."

"पुढल्या नवमीला जरीचा खण नेते तिना."

नाथा उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "राघोच्या बायकोला सांगून ठेव. तांदूल बाजूच्या डबीत नाय घालायचे. ओटी समोरून भरतात. समोर, दिव्याच्या खाली ठेवायची. विसरू नको सांगायला."

"तिना कशाला सांगू? मीच जाईन की."

नाथा तळहात चोळत बसला. त्याला ऐकू आलं नसेल असं वाटून बायजा वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने म्हणाली, "मीच जाईन म्हनते!"

ती पहिल्यांदा बोलली तेव्हाच नाथाला कळलं होतं. ती उत्तराची वाट बघत तशीच वाकून उभी राहिली.